डबा चालत नाही तिथे

मराठी मंडळाच्या जेवणाच्या रांगेत ‘अमक्यांचा मुलगा आत आहे म्हणे’ हे वाक्य आवाज उतरवून बोललं जातं. ऐकणारा ‘अरेरे’ म्हणतो आणि श्रीखंडाच्या पातेल्याकडे सरकतो. ‘आत’ म्हणजे कुठे, हे शिकागोत कुणी विचारत नाही. सव्विसावा रस्ता आणि कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यू, शेजारी फौजदारी न्यायालय, 96 एकरांवर पसरलेलं कुक काउंटी जेल. आपल्यापैकी कुणाची बायपास झाली की दुपारच्या आत आठवड्याभराच्या डब्यांचं वेळापत्रक तयार होतं. कुणाकडे बाळंतपण असलं की तीन घरांतून डिंकाचे लाडू येतात. तिकडे भारतात कुणाचे वडील गेले तर विमानतळावर सोडायला गाडी दारात उभी असते. या एका घराच्या पायरीशी मात्र आपली सगळी माया अडते. याला आपण ‘त्यांच्या खाजगी गोष्टीत कशाला पडा’ असं गोंडस नाव दिलं आहे. मला तो पळपुटेपणा वाटतो. मंडळाने ज्या आपुलकीने आजाऱ्याकडे माणसं पाठवावीत, त्याच आपुलकीने जेलमधल्या माणसाकडे आणि त्याच्या घरच्यांकडेही पाठवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट, जेल आणि प्रिझन यांची आपण गल्लत करतो. शिक्षा झालेला माणूस सहसा राज्याच्या प्रिझनमध्ये जातो. काउंटीच्या जेलमध्ये बहुतेक असतात ते कच्चे कैदी. देशभरातल्या स्थानिक जेलांमधले सुमारे दोन-तृतीयांश लोक गुन्हा शाबीत न झालेले असतात. न्यायालयाने अजून न दिलेला निकाल आपण पोळीभाजीच्या ताटावर देऊन मोकळे होतो. दुसरी गोष्ट पैशाची. 18 सप्टेंबर 2023 पासून इलिनॉयने रोख जामीन पूर्णपणे बंद केला. असं करणारं हे पहिलं राज्य. त्याआधी ठरलेल्या रकमेचा बहुधा दहावा हिस्सा भरला की माणूस बाहेर येई, म्हणजे गुपचूप एक चेक फाडून मदत करता येत होती. आता न्यायाधीश एक तर सोडतात किंवा ठेवून घेतात, आणि ठेवून घेतलं तर आपल्या बँकेतल्या शिलकेला किंमत नाही. चारशे डॉलर नाहीत म्हणून कुणी गरीब आत सडत नाही, हे उत्तमच झालं. पण आपल्या हातची सगळ्यात सोपी मदत त्यात गेली. उरलं ते उठून जाणं.

जाऊन काय होतं? मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने सुटका झालेल्या सोळा हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना कुणी ना कुणी भेटायला येत होतं, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याची शक्यता 13 टक्क्यांनी कमी आढळली. भावंडं, वडील, सासरची माणसं आणि धर्मगुरू यांच्या भेटींचा गुण सगळ्यात जास्त. घटस्फोटित जोडीदाराच्या भेटीने उलट नुकसानच. (सासरच्यांचा इतका गौरव दुसऱ्या कुठल्या सरकारी अहवालात झाला नसेल.) हा अभ्यास शिक्षा झालेल्यांचा आहे, आणि ज्याला भेटायला माणसं येतात त्याचं घर मुळातच धड असतं, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पण कैद्याची पार्श्वभूमी हिशेबात धरूनही फरक उरलाच. आणि जेलचं म्हणाल, तर स्थानिक जेलांमधल्या मृत्यूंत आत्महत्या हे कितीतरी वर्षं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. ज्याचं कुणी येणार नाही त्याला तिथला मंगळवार आणि शनिवार सारखाच.

आपल्याकडच्या तुरुंगात या भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात. इथल्या मुलाखतीला आधी नाव नोंदवावं लागतं, ओळखपत्र लागतं, कपड्यांचे नियम असतात, फोन आत नेता येत नाही. डबा तर नाहीच नाही. कैद्याच्या खात्यात पैसे भरायचे आणि त्याने कमिसरीतून, म्हणजे जेलच्या दुकानातून, पाकिटातले नूडल्स, साबण, मोजे घ्यायचे, एवढीच आपली सुगरणगिरी. फोनचं तर नीट समजून घ्या. वकिलाशी होणारं बोलणं सोडलं तर कैद्याचे फोन रेकॉर्ड होतात, तशी सूचनाही ऐकू येते. तरी ‘मराठीत बोललं तर कुणाला कळणार’ हा भाबडेपणा आपल्यात भरपूर. भाषांतर करणारे सरकारला सहज मिळतात. आई कळवळून म्हणते, ‘तिला सांग, तक्रार मागे घे म्हणावं’, आणि साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा आरोप लेकाच्या डोक्यावर बसतो. फोनवर जेवण, झोप, औषधं एवढंच बोला, हे त्या माउलीला शेजारी बसून सांगणारं कुणी हवं. तसंच, लवकर सुटण्यासाठी गुन्हा कबूल केला तर व्हिसा आणि ग्रीन कार्ड दोन्ही जाऊ शकतं. हा धोका वकिलाने सांगायलाच हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा पडिया खटल्यातला निकाल आहे. पण मुळात विचारायचं सुचणार कुणाला?

सगळ्यात टोकदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मी टाळणार नाही. बायकोला मारहाण केल्याच्या आरोपाखाली माणूस आत असेल तर? मंडळ त्याच्या मुलाखतीला गेलं की तिने त्याचा अर्थ काय घ्यायचा? इथे क्रम ठरलेला हवा. आधी तिच्याकडे जायचं, तिला हवं असेल तेवढंच, आणि त्याच्याकडे जाणारी माणसं वेगळी. त्याचा निरोप तिच्यापर्यंत न्यायचा नाही. संपर्कबंदीचा हुकूम असेल तर असा निरोप त्यालाच अडचणीत आणतो. भेटायला जाणं म्हणजे निर्दोष ठरवणं नव्हे. हॉस्पिटलात जाताना आपण सिगारेटची बाजू घेत नाही. मंडळाची बदनामी होईल, विम्याचं काय, हे प्रश्न समितीने बघावेत. मला ते फार मोठे वाटत नाहीत.

मराठी शाळेत आपण मुलांना ‘श्यामची आई’ शिकवतो. ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. साने गुरुजी देशासाठी आत गेले होते, हे मलाही कळतं. तुलना करत नाही. पण तुरुंगाचं नाव काढताच मान फिरवायची, ही शिकवण त्या पुस्तकातली खासच नव्हे.

सूर चढला असेल तर माफ करा. ज्या घरांवर ही वेळ आली आहे त्यांना लेख वाचून आणखी ओशाळं वाटलं, तर चूक माझी. समितीला एकच विनंती: पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. गाडी चालवू शकणारी आणि तोंड बंद ठेवू शकणारी चार माणसं पुरतील. त्यातलं एक नाव माझं धरा.