खोलता येते तीच गाडी टिकते

साखर कारखान्याच्या गावाला यंत्र खोलण्याचं अप्रूप नसतं. सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना घ्या किंवा जिल्ह्यातला दुसरा कुठलाही; गळीत हंगाम आटोपला की मिल उघडली जाते. रोलर बाहेर काढतात, झिजलेल्या खाचा भरून पुन्हा कातून घेतात, बेअरिंगं बदलतात, पंप खोलतात, बॉयलरच्या नळ्या साफ करतात. पुढच्या हंगामात गव्हाणीत मोळी पडते तेव्हा तीच जुनी यंत्रं नव्या दमानं फिरू लागतात. या ऑफ सीझनच्या कामानं नेवासे-राहुरीच्या पट्ट्यात फिटर, टर्नर, वायरमन यांच्या पिढ्या घडवल्या. गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान शोधावं लागत नाही.

आणि याच गावातल्या घरांत रिमोटची गाडी बंद पडली की ती माळ्यावर जाते. दोन-चार दिवाळ्या तिथं काढते आणि मग भंगारवाल्याच्या हातगाडीवरून निघून जाते. मिलचा रोलर उतरवणाऱ्या माणसाच्या घरातही हेच घडतं. त्याला हात नाही म्हणून नव्हे. त्या गाडीत हात घालायला जागाच ठेवलेली नसते.

जगात मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या रेडिओवर चालणाऱ्या गाड्या गोळा करणारे, त्या दुरुस्त करून रविवारी मातीत पळवणारे हौशी लोक हजारोंनी आहेत. त्यांच्या गाड्या अजून पळतात आणि आपल्या का पळत नाहीत, हा प्रश्न हौसेचा कमी आणि धोरणाचा जास्त आहे. त्यासाठी जरा मागं जायला हवं.

तारेविना दूरची वस्तू हलवण्याच्या कल्पनेचं मूळ आपल्याकडेही सापडतं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी लांबची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्लानं न्यूयॉर्कमध्ये रेडिओनं चालणारी छोटी बोट लोकांसमोर आणली आणि तिचं पेटंटही घेतलं. त्यानंतर ही विद्या लष्कराच्या ताब्यात गेली. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडवर चालून गेलेल्या सोव्हिएत फौजेकडे रेडिओनं हाकता येणारे रणगाडे होते. मुलांच्या हातात हा खेळ यायला ट्रान्झिस्टर स्वस्त होण्याची वाट पाहावी लागली. इटलीच्या एल्जी कंपनीनं १९६६ मध्ये बाजारात आणलेली फेरारी २५० एलएम ही दुकानात विकत मिळणारी पहिली रेडिओ-गाडी मानली जाते. पुढची दहा वर्षं हा छंद इंजिनाच्या, धुराच्या आणि महागड्या गाड्यांचा होता, म्हणजे मोठ्यांचाच.

तो सामान्य घरात आणला जपानमधल्या शिझुओका शहरच्या तामिया कंपनीनं. १९४६ साली ही कंपनी लाकडाच्या धंद्यात सुरू झाली. १९५१ च्या आगीत त्यांची वखार जळाली, मग ते लाकडी खेळण्यांकडे वळले आणि तिथून प्लॅस्टिकच्या मॉडेलकडे. पहिलं प्लॅस्टिकचं मॉडेल, यामातो युद्धनौका, फारसं चाललं नाही. कंपनीला तारलं ते मोटारवर चालणाऱ्या पँथर रणगाड्यानं. पुढे कंपनीचे शुनसाकू तामिया कॅमेरा घेऊन अमेरिकेतल्या ॲबर्डीनच्या रणगाडा संग्रहालयात गेले आणि मिळेल त्या वाहनाचे फोटो आणि मापं घेऊन परतले. १९७० च्या दशकात पोर्शे ९३४ चं मॉडेल करायचं ठरलं तेव्हा या गृहस्थांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती अख्खी खोलली. जोडताना पोर्शेच्या माणसांची मदत घ्यावी लागली, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. त्या मॉडेलच्या पोटात मोटार आणि सेलसाठी जागा होती. तिथं रेडिओ बसवून १९७६ च्या अखेरीस त्यांची पहिली इलेक्ट्रिक रेडिओ-गाडी निघाली. मग १९७९ ची सँड स्कॉर्चर, १९८४ च्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट, १९८७ ची लंच बॉक्स. १९८४ मध्येच अमेरिकेतून सोनेरी ॲल्युमिनियमच्या चासीची आरसी-१० आली आणि शर्यतींचा बाज बदलला. शुनसाकू तामिया २०२५ च्या जुलैत नव्वदाव्या वर्षी गेले.

इथं नगरकरांना टोचायला हवी अशी एक गोष्ट आहे. ॲबर्डीनच्या तोडीचं रणगाडा संग्रहालय आपल्या जिल्ह्याच्या गावी, सोनईहून तासाभराच्या अंतरावर, १९९४ पासून उभं आहे. रोल्स रॉइसची चिलखती गाडी, जपानी हा-गो, युद्धात हाती लागलेले पॅटन, आपला विजयंता हे सारं तिथं उन्हात उभं आहे. शाळेच्या सहली येतात, फोटो निघतात, पोरं नळीखाली उभी राहतात. पण त्या विजयंताचं जोडून बघता येईल असं साधं मॉडेल मुलाला घरी नेता येत नाही. ज्या जिल्ह्यात चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे आणि जिथं लुना मोपेड तयार होत होती, तिथं वाहन समजून घेण्याचं खेळणं कुणाला सुचलं नाही. याला दारिद्र्य म्हणायचं की आळस, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

या जुन्या गाड्या टिकल्या कशा, ते एक हॉर्नेट टेबलावर घेतली की कळतं. वरची काळी बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. रंग आतून मारलेला असतो, त्यामुळे बाहेरून कितीही घासली तरी रंग जात नाही. क्लिपा काढल्या की बॉडी हातात येते. खाली ५४० जातीची चंदेरी मोटार, गिअरबॉक्स, दोन सर्व्हो. त्यातला एक सर्व्हो पुढची चाकं वळवतो. दुसरा तांब्याच्या पट्ट्यांवरून एक दांडी सरकवतो. हाच वेगाचा कंट्रोल. गाडी हळू चालवायची तर मोटारीचा प्रवाह एका सिरॅमिक रेझिस्टरमधून जातो आणि वाचलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. शर्यत संपल्यावर त्या रेझिस्टरला बोट लावणारा पुन्हा लावत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीत या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडतात. बारीक पॉलिश पेपर फिरवला, पुसून घेतलं की अर्ध्या ‘मेलेल्या’ गाड्या जिवंत होतात. गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते साबणाच्या पाण्यानं काढायचं. पेट्रोल वापरू नये, काही प्लॅस्टिकं त्यानं तडकतात.

जोडताना खरी परीक्षा स्क्रूची. हे स्क्रू सरळ प्लॅस्टिकमध्येच आटे पाडून बसतात. घाईत सरळ पिळला तर नवे आटे पडतात, जुने जातात आणि चार-पाच वेळा खोलल्यावर भोक सैल होतं. म्हणून जाणकार माणूस स्क्रू आधी उलटा फिरवतो. बोटाला किंचित टक्क जाणवलं की समजायचं, स्क्रू आपल्या जुन्या आट्यांत उतरला. मग सरळ पिळायचा आणि बसला की थांबायचं. आमच्याकडचा कोणताही जुना फिटर हे न सांगता करेल.

आता मुद्द्याचं. त्या गाडीबरोबर एक पुस्तिका यायची. त्यात प्रत्येक पायरीचं चित्र, प्रत्येक स्क्रूचं माप आणि शेवटी प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक. सस्पेन्शनचा मोडलेला एक हात, एक गिअर, एक टायर वेगळा मागवता येत असे. म्हणून १९८४ ची गाडी आजही उभी राहू शकते. २००४ मध्ये कंपनीनं हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली, पुढच्या वर्षी ग्रासहॉपर, २०१० मध्ये सँड स्कॉर्चर. जुन्या मालाच्या संग्राहकांनी तेव्हा नाकं मुरडली, कारण कपाटातल्या त्यांच्या ठेव्याचा भाव उतरला. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण नव्या आवृत्तीमुळे जुन्या गाड्यांना टायर मिळाले, बॉडी मिळाल्या, गिअर मिळाले. ज्या वस्तूचा भाव ती दुर्मिळ असण्यावरच टिकतो, ती कपाटात राहते. सुटे भाग मिळतात ती मातीत जाते. मला दुसरीच बरी वाटते. जुन्या गाडीत नवा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बसवण्यावरूनही असाच वाद चालतो. पूर्वी २७ मेगाहर्ट्झवर लहर ठरवणाऱ्या प्रत्येकाच्या क्रिस्टलचा रंग वेगळा असे आणि दोघांचा एकच निघाला तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी खड्ड्यात जाई. ती गंमत सांगायला छान. पळवताना नवाच रेडिओ वापरावा आणि जुना डब्यात जपून ठेवावा.

आपल्याकडे हे सारं का आलं नाही? रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत, असा काळ ऐंशीच्या दशकापर्यंत होता. १९३३ च्या कायद्यानं बिनतारी यंत्र जवळ बाळगायलाच परवाना लागायचा. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला आणि २.४ गिगाहर्ट्झला परवान्यातून सूट देणारे नियम २००५ साली निघाले, म्हणजे हॉर्नेट येऊन एकवीस वर्षं झाल्यावर. परदेशी ग्राहकोपयोगी माल तर आयातच होत नव्हता. शेवटची बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली. त्याआधी रिमोटची गाडी घरात यायची ती आखातातून सुटीवर आलेल्या मामाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटमधून. तिच्याबरोबर सुटे भाग येत नसत आणि पुस्तिका आलीच तर जपानीत. खोलून जोडण्याची हौस भागवायला मुलांकडे फार तर मेकॅनिक्सचा डबा असायचा.

२००१ नंतर दारं उघडली, पण आत आला तो दुसरा माल. चिकटवलेली बॉडी, काळ्या डिंकाखाली दडवलेलं सर्किट, नंबर नसलेला गिअर. एक दात तुटला की गाडी संपली. स्वस्त होती, मुलांनी हौस भागवली, त्यात वाईट काही नाही. पण या गाड्यांतली एकही पंचवीस वर्षांनी ‘जुनी’ म्हणून जपली जाणार नाही. त्या फक्त कचरा होतील. मग सरकारनं २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के केलं आणि २०२३ मध्ये सत्तर. देशातल्या कारखान्यांना आधार द्यावा, हा हेतू रास्त आहे. चूक आहे ती एकच चाळणी लावण्यात. शुल्काच्या कोष्टकात चाव्या देऊन फेकायचं खेळणं आणि तीनशे सुट्या भागांतून मुलानं जोडायचं मॉडेल एकाच शीर्षकाखाली, ९५०३ खाली, बसतात. पहिलं महाग झालं तर कुणाचं अडत नाही. दुसरं महाग होतं तेव्हा तालुक्याच्या शाळेतल्या मुलाची एक प्रयोगशाळा जाते.

केंद्रानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्यात शेती अवजारं आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणं आणि वाहनं आहेत. ट्रॅक्टरचा विचार झाला हे ऊसपट्ट्याच्या दृष्टीनं चांगलंच झालं. खेळण्यांचा उल्लेख नाही. मुलगा आयुष्यात पहिल्यांदा जे यंत्र खोलतो ते खेळणंच असतं, हे दिल्लीत कुणाच्या लक्षात आलं नसावं.

तरीही आपल्या पोरांनी वाट काढलीच. यूट्यूब उघडा, सनबोर्ड, पीव्हीसी पाइप आणि गिअर मोटारी वापरून केलेले रिमोटचे ट्रॅक्टर दिसतील. मागं डबल ट्रॉली, ट्रॉलीत उसाची कांडकी रचलेली, बोनेटवर खऱ्या ट्रॅक्टरसारखी नावं रंगवलेली. चिखलात रुतलेली ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढण्याचे व्हिडिओ तर तासन्‌तास बघितले जातात. हॉर्नेटपेक्षा मला हे काम मोठं वाटतं, कारण यात पुस्तिका नाही, क्रमांक नाही. सगळी मापं रस्त्यावरून जाणाऱ्या खऱ्या ट्रॅक्टरवरून डोळ्यांनी घेतलेली. शुनसाकू तामियांनी पोर्शेबरोबर केलं त्याच जातीचं हे काम. फरक इतकाच की तिकडे त्याचा उद्योग झाला आणि इकडे दहावीनंतर पोरगा ते सोडून देतो, कारण त्याचं पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही.

ते सांगता येईल. जिल्ह्यातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी वर्षातून एक दिवस अशा मॉडेलांसाठी मैदान द्यावं आणि बक्षीस वेगासाठी न देता, मोडलेली गाडी जागेवर दुरुस्त करण्यासाठी द्यावं. कारखान्यांनी ऑफ सीझनला वर्कशॉप एका दुपारी मुलांना दाखवावं. रणगाडा संग्रहालयाच्या दुकानात विजयंताचं जोडायचं मॉडेल मिळावं. आणि शुल्काच्या कोष्टकात जोडायची मॉडेलं आणि त्यांचे सुटे भाग वेगळे काढावेत, अशी मागणी आपल्या खासदारांनी करावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना कुणाच्याही मंजुरीसाठी मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही.

वाचकांना एवढंच सांगायचं: या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुनी रिमोटची गाडी खाली आली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचे सेल काढा. गाडीतलेही आणि रिमोटमधलेही. फुगलेली, पांढरी पावडर आलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी कचऱ्यात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे, ती बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रावरच द्या. मग गाडी उलटी करून बघा. खाली स्क्रू दिसले तर ती घरातल्या किंवा शेजारच्या ज्या पोराला पेचकस धरता येतो, त्याला देऊन टाका.