हैदराबादच्या सायकलींना शर्यत हवी आहे

हैदराबादच्या पश्चिमेला, नानकरामगुडा ते नरसिंगी या पट्ट्यात, हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे साडेपाचला उभे राहिले तर हे शहर सायकल शर्यतींचे माहेरघर असावे, असा समज सहज होईल. कार्बनच्या चौकटी, लुकलुकणारे तांबडे दिवे, रंगीत जर्सी घातलेले संगणक अभियंते, डॉक्टर आणि सनदी लेखापाल वीस-वीसच्या तांड्याने गंडीपेटकडे किंवा शंकरपल्लीकडे निघालेले दिसतात. यातल्या एखाद्याला विचारावे, की या हंगामात तुम्ही शर्यती किती केल्या? उत्तर बहुधा एक किंवा शून्य असते. किलोमीटर मात्र हजारोंनी मोजलेले असतात.

सरलेल्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या हौशी हंगामाचा पहिला टप्पा संमिश्र गेला, असे सौम्यपणे म्हणता येईल. २०२५ चा मान्सून २४ मे रोजीच केरळात दाखल झाला होता आणि तो रेंगाळला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाठोपाठ २८ ऑक्टोबरच्या रात्री ‘मोंथा’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळले आणि दुसऱ्या दिवशी तेलंगणातही मुसळधार पाऊस झाला. सरावाचे पहिले आठवडे असे पाण्यात गेले. डिसेंबरात उलट तऱ्हा. पाटणचेरूसारख्या उपनगरात पारा दहा अंशांखाली उतरला. पहाटे हातमोज्यांतही बोटे आखडावीत अशी थंडी. पण हवामानाला दोष देऊन हा विषय मिटत नाही. हवामान दरवर्षीच कुरकुर करते. खरी अडचण रस्त्याची आहे.

३ नोव्हेंबर रोजी चेवेल्ला रस्त्यावर मिर्झागुड्याजवळ खडीने भरलेला टिप्पर आणि परिवहन मंडळाची बस यांची टक्कर होऊन किमान १९ जणांचा बळी गेला. ही बातमी आपल्याकडेही ठळकपणे आली होती. तिचा सायकलींशी काय संबंध, असे वाटेल. चेवेल्ला रस्ता हा हैदराबादच्या सायकलस्वारांचा जुना, लाडका रस्ता. दुतर्फा शेकडो वडांची कमान, खाली दाट सावली, पुढे विकाराबाद आणि अनंतगिरीच्या टेकड्या. दख्खनच्या पठारावर घाट कमी. त्यामुळे चढाचा सराव करू पाहणाऱ्याला अनंतगिरीखेरीज जवळपास दुसरा आसरा नाही. याच रस्त्याच्या अप्पा जंक्शन ते मन्नेगुडा या ४६ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण वडांच्या प्रश्नामुळे वर्षानुवर्षे हरित लवादात अडकले होते आणि अपघाताच्या अवघे काही दिवस आधी त्याला वाट मोकळी झाली. झाडे हवीत आणि रस्ताही सुरक्षित हवा, या दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. मात्र रुंदीकरण झाल्यावर टिप्पर अधिक वेगाने धावतील आणि सायकलस्वाराच्या वाट्याला कडेची रेती उरेल, ही शंका अनाठायी नव्हे. गोव्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ज्यांनी सायकल घातली आहे, त्यांना हे निराळे समजावण्याची गरज नाही.

रस्ता असा असताना हौशी मंडळींनी आपला खेळच रस्त्याच्या कलाने वळवून घेतला. त्याचे नाव ब्रेव्हे. फ्रान्समधील ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणारी ही दीर्घ अंतराची सफर २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशा मर्यादेत पूर्ण करायची असते. वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होते, म्हणजे आपल्या पावसाळ्यानंतरच्या ऋतूशी ते छान जुळते. चारही अंतरे एकाच हंगामात पार केली की ‘सुपर रँडोनर’ ही उपाधी मिळते. त्यातून यंदाच्या वर्षाला एक वेगळे महत्त्व आहे. चार वर्षांतून एकदा होणारी १२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस २०२७ मध्ये आहे आणि आदल्या वर्षी जितके लांब ब्रेव्हे पूर्ण झालेले असेल, तितकी नोंदणीत आधी जागा मिळते. तेव्हा या हिवाळ्यात हैदराबादकर ब्रेव्हेच्या मागे लागले नसते तरच नवल.

पण ब्रेव्हे ही शर्यत नाही. तिच्यात पहिला-दुसरा नसतो. मुदतीत पोहोचलेले सगळे सारखेच. रस्ता बंद करावा लागत नाही. वाहतुकीचे सर्व नियम पाळून, परावर्तक जाकीट घालून, दिवे लावून सामान्य वाहनांमधूनच जायचे. ब्रेव्हेचा आपल्या देशात जो झपाट्याने प्रसार झाला, त्याचे श्रेय तिच्या रम्य तत्त्वज्ञानाला दिले जाते. मला त्याचे कारण अधिक व्यवहारी वाटते: तिच्यासाठी चौक अडवायला पोलीस लागत नाहीत.

शर्यतीला लागतात. हैदराबाद शहरात आजही १३४८ फसलीचा, म्हणजे निजामाच्या राजवटीतला, शहर पोलीस कायदा लागू आहे. रस्त्यावरचा जमाव, मिरवणूक यांचे नियमन त्याखाली होते. सायकलींची शर्यत ही त्या दृष्टीने एक विचित्र मिरवणूकच. न देव, न पुढारी, न वाजंत्री. मोटार वाहन कायद्यातील शर्यतबंदी मोटारींसाठी आहे, सायकलींसाठी नाही. पण स्पष्ट मनाई नाही म्हणजे परवानगी सोपी आहे असे नव्हे. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या निकषावर, किती वेळ रस्ता द्यावा याची ठरलेली पद्धत नसली की सर्वांत सुरक्षित उत्तर ‘नाही’ हेच ठरते. तसे उत्तर देणाऱ्याला तरी का दोष द्यावा? चाळीस जण ताशी चाळीस किलोमीटरने एकमेकांच्या चाकाला चाक लावून येत असताना समोरून रिक्षा आली, तर जबाब त्यालाच द्यायचा असतो.

म्हणून हौशींच्या वाट्याला शर्यत म्हणावी असे जे येते, ते बहुधा टाईम ट्रायल. एकेक स्वार मिनिटा-मिनिटाच्या अंतराने सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो. या प्रकाराचा जन्मच मुळी परवानगीच्या अडचणीतून झाला, हे फारसे कोणी सांगत नाही. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये सायकल संघटनेनेच रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींवर बंदी घातली, कारण संतापलेल्या घोडागाड्यावाल्यांमुळे सरकार सायकलीच रस्त्यावरून हटवील अशी धास्ती होती. तेव्हा फ्रेडरिक बिडलेक यांनी तोडगा काढला: स्वारांना एकटे सोडायचे, तेही भल्या पहाटे. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड क्लबने पन्नास मैलांची अशी पहिली चाचणी घेतली. पुढे स्वार अंगभर काळे कपडे घालत आणि मार्गांची नावे सांकेतिक अक्षरांत लिहीत. हे पन्नास वर्षे चालले. ७ जून १९४२ रोजी पर्सी स्टॅलर्ड या वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्वाराने लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी खुली सामूहिक शर्यत भरवली. गंमत अशी, की पोलिसांनी सहकार्य केले आणि संघटनेने मात्र त्याला निलंबित केले! रस्त्यावरील शर्यतींचे नियम ब्रिटनमध्ये कायद्याने बांधले गेले ते १९६० मध्ये. दरम्यान फ्रान्स, बेल्जियम, इटली कितीतरी पुढे निघून गेले होते आणि ब्रिटिश स्वार एकट्याने वेगवान, घोळक्यात मात्र नवखे, अशी ख्याती झाली होती.

आपल्या हौशी स्वारांचे आज नेमके तेच होत आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. ताशी ३० वरून ४० वर जायचे तर त्यासाठी दुपटीहून बरीच जास्त ताकद ओतावी लागते. पुढच्याच्या आडोशाला राहिले की या श्रमाचा चौथा ते तिसरा हिस्सा वाचतो. रस्त्यावरच्या शर्यतीचे सारे राजकारण या एका हिशेबावर उभे आहे: कोणी पुढे राहायचे, कोणी लपायचे, वाऱ्याची दिशा बदलली की रांग कशी तिरपी करायची, वळणावर कोणाच्या चाकावर विश्वास ठेवायचा. हे पुस्तकात शिकता येत नाही, घरात रोलरवर सायकल लावूनही नाही. एकट्याने दोनशे किलोमीटर कापणारा दमदार माणूस पहिल्याच सामूहिक शर्यतीत तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबतो आणि मागचे चौघे पाडतो. दम आहे, सवय नाही.

बेंगळुरूने यावर बऱ्यापैकी उपाय शोधला. तेथील हौशी मंडळींनी ‘बेंगळुरू बायसिकल चॅम्पियनशिप’ नावाची शर्यतमाला स्वतःच्या हिमतीवर उभी केली. महिन्या-दोन महिन्यांनी शहराबाहेरच्या रस्त्यावर शर्यत, क्लबांचे स्वयंसेवक चौकाचौकांत झेंडे घेऊन, गुणांकन वर्षभराचे. राष्ट्रीय टाईम ट्रायलचे अनेकदा विजेते ठरलेले नवीन जॉन याच वातावरणातून पुढे आले आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक संघात पोहोचले. ते असामान्य होते, हे खरे. तरीही हौशी शर्यतीतून वर जाणारा एक जिना तेथे होता.

हैदराबादकडे साधने काही कमी नाहीत. २००२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपासूनचा उस्मानिया विद्यापीठातील सायकल ट्रॅक आहे. अशी सोय असलेली शहरे देशात मोजकीच. तो उघड्यावरचा आहे, पाऊस पडला की निरुपयोगी, हा भाग वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झालेला बाह्य वर्तुळाकार मार्गालगतचा २३ किलोमीटरचा सौर छताचा सायकल मार्ग तर देशभर गाजला. छतावर १६ मेगावॅट वीजनिर्मितीची क्षमता, खाली साडेचार मीटर रुंदीच्या तीन मार्गिका, रात्रभर दिवे. मुलांना, नवशिक्यांना, सायंकाळी घाम गाळू पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला. परंतु साडेचार मीटरच्या दुहेरी मार्गावर शर्यत होऊ शकत नाही. समोरून आठ वर्षांची मुलगी सायकल शिकत येते, मागून आपण ताशी चाळीसने! तो मार्ग त्या मुलीचा आहे आणि तसाच राहावा. मात्र ‘आता ट्रॅक दिला ना’ असे म्हणून रस्त्याचा विषय बंद केला जातो, तेथे मतभेद आहे.

आणखी एक दरी आहे, तिच्याविषयी क्लबांत फार बोलले जात नाही. राष्ट्रीय पातळीवर पदके आणणारी मुले पंजाब, हरयाणा, मणिपूर, अंदमान किंवा आपल्या शेजारच्या विजापूर-बागलकोट पट्ट्यातून येतात. क्रीडा वसतिगृहांतून, सैन्यदलांतून, रेल्वेतून. हौशी स्वार येतात चांगल्या पगारातून. आयात सायकलीवर ३५ टक्के सीमाशुल्क भरूनही ती विकत घेऊ शकणारे हे लोक. गेल्या २२ सप्टेंबरपासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा लाभ दोघांनाही आहे. पण दोघे एका सुरुवातरेषेवर क्वचितच उभे राहतात. राहिले असते तर हौशींना खरा वेग कळला असता आणि वसतिगृहातल्या मुलांना प्रायोजक, जुने पण उत्तम साहित्य, कदाचित नोकरीही मिळाली असती. युरोपात गावोगावच्या क्लब शर्यती नेमके हेच काम करतात.

जानेवारीत पुण्याने मोठी उडी घेतली. १९ ते २३ तारखांदरम्यान झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’मध्ये तीसहून अधिक देशांचे सायकलपटू ४३७ किलोमीटर धावले, आंतरराष्ट्रीय महासंघाच्या दिनदर्शिकेत नोंद असलेली ही टप्प्यांची शर्यत. रस्ते नव्याने झाले, लोक दुतर्फा उभे राहिले. अंतिम क्रमवारीच्या माथ्यावर परदेशी नावेच होती आणि त्यात आश्चर्य नाही. ज्या देशात वर्षभरात सामूहिक शर्यती बोटांवर मोजण्याइतक्या होतात, तेथील स्वाराने पाच दिवसांत सगळे शिकावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. शिखर बांधले, पायथा कुठे आहे?

हा प्रश्न गोव्यालाही चुकलेला नाही. २०१९ पासून मिरामारला ‘आयर्नमॅन ७०.३’ होते, ९ नोव्हेंबरला झालेल्या यंदाच्या स्पर्धेतही तेलंगणातून सायकली खोक्यांत भरून आलेले हौशी होते. २०२४ च्या ऑक्टोबरात सिकंदराबाद-वास्को गाडी सुरू झाल्यापासून हा प्रवासही सुकर झाला आहे. ९० किलोमीटरच्या सायकल टप्प्यासाठी रस्ते बंद होतात, रहिवासी कुरकुरतात, सरकार पर्यटनाचे गणित मांडते आणि वर्षभरासाठी सारे शांत होते. त्या टप्प्यातही दुसऱ्याच्या आडोशाने जाण्यास मनाई असते, म्हणजे घोळक्याची विद्या तेथेही मिळत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपण दिमाखात भरवल्या. ट्रॅक सायकलिंग मात्र दिल्लीला न्यावे लागले, कारण आपल्याकडे ट्रॅकच नाही.

ट्रॅक बांधायला कोट्यवधी लागतात आणि तो नंतर सांभाळावा लागतो. दोन किलोमीटरचे वर्तुळ महिन्यातून एका रविवारी सकाळी सहा ते आठ बंद ठेवायला फारसे लागत नाही. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील अंतर्गत रस्ते रविवारी पहाटे जवळजवळ रिकामे असतात: वळणे आहेत, थोडा चढ आहे, वस्ती विरळ आहे. युरोपात ‘क्रिटेरियम’ म्हणतात ती छोटी फेऱ्यांची शर्यत अशाच जागी होते. एक रुग्णवाहिका, पंधरा-वीस स्वयंसेवक, चार पोलीस आणि विम्याचा कागद. हैदराबादलाही पश्चिमेकडील वित्तीय जिल्ह्याचे रुंद रस्ते रविवारी सकाळी असेच ओस असतात. मागणी करायला क्लब आहेत, पैसेही आहेत. अडते ते कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा येथे. क्रीडा खाते पोलिसांकडे बोट दाखवते, पोलीस पालिकेकडे, पालिका रस्ता ज्याचा त्याच्याकडे. दोन्ही राज्यांनी एक खिडकी आणि एक छापील निकष एवढे जरी केले, तरी पुढचे क्लब पाहून घेतील.

मार्चच्या मध्यापासून दख्खनचे ऊन सकाळी आठलाच टोचू लागते आणि आपल्याकडे दमटपणा घाम सुकू देत नाही. त्याआधी या हंगामाचे चार-पाच रविवार हातात आहेत. त्यानंतर पाऊस, आणि मग थेट ऑक्टोबर.