मोटरची सायकल : चैन की गरज?

सायकलीला मोटर बसवली की लोक दोन प्रकारे हसतात. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे ते म्हणतात, एवढा खटाटोप करण्यापेक्षा हप्त्यावर गाडी का नाही घेतली? आणि ज्यांना सायकलीविषयी आदर आहे (ही मंडळी बहुधा प्राध्यापक असतात आणि बहुधा स्वतः चारचाकीतून येतात) ते म्हणतात, मग सायकलीचा व्यायाम तो काय राहिला? हे दोन्ही प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्यांदा विचारले गेले की, त्यांचे उत्तर एकदा अंकातच देऊन टाकावे असे वाटले.

माझे गाव कोपरगावच्या पश्चिमेला अकरा किलोमीटरवर आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला हा भाग ताटासारखा सपाट. घाट नाही, चढ नाही. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, सायकलीला याहून सोयीचा मुलूख कोणता? पण नकाशावर वारा दाखवत नाहीत. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा सुटतो. सकाळी तो पाठीशी असतो, तेव्हा कॉलेजला येताना आपण फार तंदुरुस्त आहोत असे वाटते. संध्याकाळी तोच तोंडावर येतो. शांत हवेत ताशी पंधराच्या वेगाने चाललो तर अंगावर पंधराचाच वारा येतो. समोरून पंधराचा वारा असला की अंगावर तीस येतो. हवेचा अडथळा मात्र दुप्पट न होता चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हे सूत्र मी पुस्तकात नंतर वाचले. मांड्यांना ते आधीच ठाऊक होते.

राहिली बस. ती दिवसातून मोजक्या वेळा, आणि परतीची शेवटची साडेचारला. आता कोणता विषय घ्यायचा हे आपण आवडीवरून ठरवतो, अशी आपली समजूत आहे. खेड्यावरून येणाऱ्या मुलीचा विषय शेवटची बस ठरवते. मला भूगोल आवडतो. भूगोलाची प्रात्यक्षिके दुपारनंतर असतात. ग्रंथालयात बसायचे, वक्तृत्वाच्या स्पर्धेला थांबायचे, एखाद्या सरांना तासानंतर शंका विचारायची, हे सगळे साडेचारच्या अलीकडे बसले तर ठीक, नाहीतर सोडून द्यायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. याचा अर्थ मी घरात हुशार आहे असा कोणी घेऊ नये. हुशार माझी थोरली बहीण होती. बारावीला चांगले गुण मिळवून ती घरी बसली आणि शिवणयंत्र चालवू लागली. फी माफ होते, पुस्तके ग्रंथालयातून मिळतात, अंतर मात्र कोणी माफ करत नाही.

हे केवळ आमच्या घरचे रडगाणे नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की, माध्यमिक शाळेत वेळच्या वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींतली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. त्यातही शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत हा फरक ठळक होता. म्हणजे मुलींना शिकायचे नव्हते असे नाही. त्यांना पोचता येत नव्हते. आता शाळा चार-पाच किलोमीटरवर असते, तिथवर नुसती सायकल पुरते. कॉलेज दहा-पंधरा किलोमीटरवर असते, तिथे नुसती सायकल अपुरी पडते. शाळेसाठी जे काम साध्या सायकलीने केले, ते कॉलेजसाठी मोटर जोडलेली सायकल करू शकेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग मोटारसायकलच का नको? कारण ती मुलाला मिळते. आमच्याकडे मुलगा अठरा वर्षांचा झाला की कर्ज काढून का होईना, दारात गाडी उभी राहते. मुलीसाठी तेवढे कर्ज काढायचे म्हटले की, 'लग्नात द्यायचीच आहे की' असे उत्तर मिळते. आणि रोजचे बावीस किलोमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. हिशेब ज्याचा त्याने करावा.

सायकलीला मोटर ही कल्पना नवी आहे असे समजण्याचे कारण नाही. ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसाला मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली पायडलला हातभार लावणारी सायकल बाजारात आणली. चीनमध्ये आज अशा विजेच्या दुचाक्या तीस कोटींहून अधिक आहेत. पण मला सर्वांत जवळचे वाटते ते आपल्या फलटणचे उदाहरण. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा ओढणाऱ्यांचे हाल पाहून तीन प्रकारच्या रिक्षा तयार केल्या. एक सुधारलेली पायडलची, दुसरी पायडलला मोटरची जोड असलेली, तिसरी संपूर्ण बॅटरीवरची. 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००२ साली त्यांनी त्यावर लेखही लिहिला. आज शहरोशहरी ई-रिक्षा धावतात तेव्हा फलटणचे नाव कोणी घेत नाही. असो. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, तिथे विचार सुरू झाला तो राबणाऱ्याच्या छातीपासून. मोटर किती जोरात पळते हा प्रश्न नंतरचा होता.

आता आमच्या सायकलीविषयी. ती वडिलांची ॲटलास; काळी, डांड्याची, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून तिने डेअरीच्या पंधरा वर्षे खेपा केल्या. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता. असला योग कादंबरीत घातला तर आपण लेखकाला हसू.) डांड्याची सायकल मुलीने चालवावी का, यावर गावात आठ दिवस चर्चा झाली, मोटरीवर त्याहून कमी झाली.

बाजारात मिळणाऱ्या संचात मोटर असलेले हब, कंट्रोलर नावाची डबी, मूठ, ब्रेकचे हँडल आणि वायरी असतात. बॅटरी वेगळी घ्यावी लागते आणि तीच सर्वांत महाग. आम्हाला मोटरचा संच साडेसात हजार, बॅटरी व चार्जर साडेआठ हजार, ब्रेक आणि मजुरी दीड हजार, असे साडेसतरा हजार पडले. दिवाळीचा दुधाचा बोनस आणि ताईचे शिवणकामाचे पैसे त्यात गेले. कोपरगावातल्या ज्या मिस्त्रींनी ती जुळवली त्यांनी आधी तासभर सायकल नुसती ठोकून पाहिली. 'मोटर कुणीही बसवील, थांबवायचं काय?' हा त्यांचा पहिला प्रश्न. जुन्या सायकलीचे दांड्यांचे ब्रेक काढून तारेचे घालावे लागले, कारण संचातल्या हँडलमध्येच ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे बटण असते. मागचे चाक ज्या दोन दांड्यांत बसते त्या किंचित फाकवाव्या लागल्या. मोटरचे हब साध्या हबपेक्षा रुंद असते. आणि मोटरचा आस जागेवर फिरून चाक निसटू नये म्हणून त्याला पोलादी पट्टी जोडून ती सायकलीला आवळली. ही पट्टी शंभर-दोनशे रुपयांची. ती न लावता संच बसवणारे आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची. गुणाकार केला तर ३६० वॉट-तास, म्हणजे एका युनिटाच्या निम्म्याहूनही कमी. वीज चार रुपयांच्या आत लागते. पायडल मारत राहिले तर तेवढ्यात माझे जाणे-येणे होते. निरोगी माणूस दिवसभर टिकवू शकेल अशी शक्ती सुमारे ७५ वॉट धरतात. पाव किलोवॉटची मोटर म्हणजे मागून तीन माणसे ढकलीत आहेत असे समजावे. वाऱ्याला तेवढी तीन माणसे पुरतात.

त्याहून जास्त मात्र नकोत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर, ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेग, बॅटरी सोडून साठ किलोपर्यंत वजन, पुढे पांढरा आणि मागे तांबडा परावर्तक असलेल्या दुचाकीला मोटार वाहन मानत नाहीत. तिला नोंदणी नाही, चालवणाऱ्याला परवाना नाही. आपल्याच काही मित्रांनी याच्या दुप्पट-चौपट ताकदीच्या मोटरी सायकलीला लावून चाळीसचा वेग काढला आहे आणि त्याचे कौतुकही होते. माझा त्याला साफ विरोध आहे. वीसच्या वेगासाठी घडवलेल्या ब्रेकवर चाळीसने जायचे, आणि तेही गळीत हंगामात, जेव्हा आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवा नसलेल्या अवस्थेत उभ्या असतात! तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला; त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण मग दुचाकीच्या वाट्याला जे रस्ते उरले त्यांची साइडपट्टी तरी भरलेली असावी.

नियमात अशा वाहनाला चाचणी संस्थेची मान्यताही हवी म्हटले आहे. कारखान्यात तयार झालेल्या ई-सायकलीचा नमुना कंपनी तपासून घेईल. मिस्त्रींच्या दुकानात जुळवलेल्या एकेका सायकलीने कोणाकडे जायचे? तालुक्याच्या आयटीआयमध्ये ब्रेक, पट्टी, वायरी आणि वेग तपासून शिक्का मारण्याची सोय व्हावी. तिथल्या मुलांनाही शिकायला मिळेल.

आता व्यायामाचा प्रश्न. माझे वडील पंधरा वर्षे किटल्या लादून वाऱ्याविरुद्ध सायकल चालवत होते. त्यांना कोणी 'व्यायाम करता का' असे विचारले नाही. आई दिवसभर खुरपणी करते. मी घरी गेल्यावर धारा काढते. आमच्या घरात शरीराला काम कमी पडते आहे अशी कोणाला काळजी असेल तर त्यांनी खुशाल एकदा मुक्कामाला यावे. मोटरमुळे जो दम वाचतो तो संध्याकाळी पुस्तकाला लागतो. पूर्वी मी घरी पोचून पडायचे. आता रात्री दोन तास वाचते.

मोटरीचे सगळेच गोड आहे असे नाही. लिथियमची बॅटरी काही वर्षांत दुबळी होते आणि नवी घेण्याचे पैसे पुन्हा उभे करावे लागतात. स्वस्तात मिळते म्हणून वापरलेले जुने सेल जोडलेली बॅटरी घेऊ नये. आगीची भीती खरी आहे. ती उन्हात तापू देऊ नये, आणि चार्जर त्याच बॅटरीचा असावा. बॅटरी संपली तर पायडल मारून जाता येते खरे, पण मोटर-बॅटरीचे वजन घेऊन, आणि काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये भरलेला असला की त्या दिवशी सगळे विज्ञान आठवते.

या सुट्टीत मी पश्चिमेकडच्या गावांतल्या पाच मुलींच्या घरी ही सायकल दाखवायला नेली होती. तिघी बारावी होऊन घरी आहेत, दोघी बसच्या भरवशावर आपल्याकडेच येतात. त्यातल्या दोघींचे गाव अठरा किलोमीटरवर; जाऊन-येऊन छत्तीस एका चार्जमध्ये वाऱ्याच्या दिवसांत होणार नाहीत. कॉलेजच्या बाहेरच्या भिंतीला, सावलीत, पाऊस लागणार नाही अशा जागी तीन प्लगचा एक बोर्ड आणि त्याला एक चांगले एमसीबी बसवावे, असा अर्ज मी दिला आहे. विजेचे दिवसाला दोन-तीन रुपये प्रत्येकीकडून फीबरोबरच घ्यावेत. पाचही घरी पहिला प्रश्न किमतीचा निघाला, त्याचे उत्तर मी दिले. दुसरा प्रश्न 'कॉलेजात चार्जिंगची सोय हाये का?' हा होता. त्याचे उत्तर जूनच्या आत द्यायचे मी कबूल करून आले आहे.