नाट्य बिरवाडीतही आहे

‘द पिट’ ही अमेरिकी मालिका पाहून झालेली मंडळी हल्ली एक निकाल हमखास देतात: असलं काही मराठीत व्हायचं नाही, कारण आपल्याकडे तसे आपत्कालीन विभागच नाहीत. महाड-पोलादपुरात तर पेशंटला सलाईन लावतात आणि मुंबईला पाठवतात. त्यात कसली आलीय मालिका?

मालिकेची स्तुती मला मान्य आहे. पिट्सबर्गच्या रुग्णालयातली एकच लांबलेली पाळी पहिल्या पर्वाच्या पंधरा भागांत, भागाला एक तास अशी बसवणं ही मोठी कारागिरी. 1994च्या ‘ई.आर.’पासून रुग्णालयाच्या मालिकांचा प्रकार सुधारला, हेही खरं. ‘ई.आर.’सह तीन कार्यक्रमांत हृदय बंद पडलेल्यांपैकी शंभरातले पाऊणशे तत्काळ सावरतात, हे 1996मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने दाखवून दिलं होतं. खऱ्या वॉर्डात असं भाग्य कुठलं! आपल्याकडच्या मालिकांचं तर विचारूच नका. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली की शॉक, जिथे शॉकचा काही उपयोगच नसतो.

पण नाट्य म्हणजे यंत्रं आणि धावपळ, हे गृहीतक मात्र खोटं आहे. 1976मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे यायची: घामानं निथळणारी, ओकणारी, हातपाय गार पडलेली. आधी रक्तदाब भडकायचा, मग हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरायचं. खाटेशेजारी रात्र रात्र बसून, नाडी आणि रक्तदाब टिपून हा क्रम त्यांनी ओळखला. त्यावर वापरली ती प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी. 1986मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं हे लिखाण छापलं. त्यांच्या नोंदींनुसार शंभरात चाळीसच्या आसपास असलेले मृत्यू एकावर आले.

यावर कोणी म्हणेल, हे संशोधन झालं, नाट्य नव्हे. पण चित्र डोळ्यांसमोर आणा: वाडीवरचं पोर, मांत्रिकाकडे गेलेले तास, रात्री गाडी नाही, आणि समोरच्या डॉक्टरला किती वेळ हाताशी आहे तेच ठाऊक नाही. याहून जास्त नाट्य कुठून आणायचं? पिट्सबर्गची गोष्ट रुग्णालयाच्या दारात सुरू होते. इथे दार येईपर्यंत ती निम्मी संपलेली असते.

आणि ‘मुंबईला पाठवतात’ म्हणे! 2 ऑगस्ट 2016च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. 22 जुलै 2021ला महाड बुडालं, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. अशा दिवशी मुंबई कुठली आणि पाठवायचं कसं? ‘मुंबई डायरीज’ या हिंदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाने 2023मध्ये पूर दाखवला खरा, पण मुंबईतला.

तेव्हा आपल्याकडे विषय नाही, ही सबब पुरे. पटकथाकारांनी आधी ‘लॅन्सेट’मधलं ते लिखाण वाचावं, पावसाळ्यात दोन आठवडे बिरवाडीत काढावेत, सेट मग लावावा.