जहाज कागदावर, कंटेनर रुळावर. आमचे पाणी कुठे?



14 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या सागरी परिषदेत पंतप्रधान मोदींनी बाबासाहेबांना देशाच्या जल आणि नौकानयन धोरणाचे शिल्पकार म्हटले. ते खरेच आहे. दोनच दिवस आधी राष्ट्रीय जलमार्ग कायदा लागू झाला होता. त्यात 111 जलमार्ग आले. नाशिक ते भद्राचलम ही गोदावरीसुद्धा 'राष्ट्रीय जलमार्ग 4'मध्ये आली. म्हणजे अंबड, घनसावंगी, परतूरच्या कडेने वाहणारी आपली गंगा कागदावर समुद्राला जोडली गेली!

उन्हाळ्यात ज्या पात्रात वाळूचे टिप्पर चालतात, तिथे जहाज चालणार कसे?

बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी बाबासाहेब वाचावेत. 1942 ते 1946 ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. 8 नोव्हेंबर 1945 च्या कटक परिषदेत त्यांनी मांडले की, पुराचे पाणी नुसते समुद्रात सोडून देणे हा उपाय नव्हे, ते अडवा. त्याच पाण्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक तिन्ही साधा. दामोदर योजनेत पुढे दुर्गापूरपासून हुगळीपर्यंत कालवा खोदला गेला, तो शेतीसाठी आणि नावांसाठीही. बाबासाहेबांच्या योजनेत जहाज एकटे येत नाही. त्याच्यासोबत गरिबाचे पाणी आणि उजेडही येतो.

आता जालन्याकडे पाहा. डिसेंबर 2015 मध्ये इथे ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. कंटेनर इथून रेल्वेने थेट न्हावाशेव्याला जाणार. आमचा त्याला विरोध नाही. पण स्टील आणि बियाण्यांच्या मालाला समुद्राची वाट मिळते, आणि 2013 च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या वस्तीला काय मिळते?

कालव्याचे पाणी लाभक्षेत्रात जमीन असणाऱ्याला मिळते. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचा पाण्यावर हक्क नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला जमीन कोणी नाकारली, हे सांगायला हवे का? जातीने जमीन नाकारली आणि जमिनीच्या अटीने पाणी. चवदार तळ्याचा प्रश्न 1927 मध्ये संपला नाही, तो आता पाटाच्या दारावर उभा आहे.

हे बदलता येते. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीवर नव्हे, कुटुंबातील माणसांवर पाणी वाटले आणि भूमिहीनालाही वाटा दिला.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत : गोदावरीच्या बंधाऱ्यांतील पाण्यात भूमिहीनांचा माणशी वाटा आणि ड्रायपोर्टमधील नोकऱ्यांत, अगदी कंत्राटी नोकऱ्यांतही, आरक्षण. ग्रामसभेत हे ठराव मांडा. पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हाच हिशेब विचारा.

जय भीम! जय संविधान!