पर्यायी इतिहासातील नगर आणि त्यातील प्रवासी

१

कालप्रवासाची कथा आणि पर्यायी इतिहासाची कथा हे दोन्ही प्रकार मराठी समीक्षेने प्रायः विज्ञानसाहित्याच्या खात्यात जमा केले आहेत. वर्गीकरणाच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी त्यामुळे एक नुकसान झाले. ऐतिहासिक कादंबरीची चर्चा करताना या कथांचा विचार करावा, असे अभ्यासकांना सहसा वाटले नाही. डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा याचे ठळक उदाहरण होय. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. त्यांच्या कथासाहित्याचे समग्र मूल्यमापन करण्याची जबाबदारी आता अभ्यासकांवर आली आहे. ते करताना ही कथा विज्ञानाइतकीच इतिहासलेखनाविषयीची आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाने उघड होतात. बदललेल्या इतिहासातील नगरात नेमका कोण हिंडतो, हा तो प्रश्न.

२

इंग्रजीत दूरचित्रवाणीवरील मालिकांना जोडून लिहिलेल्या कादंबऱ्यांचे मोठे दालन आहे. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही कालप्रवासाची मालिका १९६३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या आधारे कादंबऱ्यांची एक दीर्घ मालाच निर्माण झाली. अशा लेखनाला सोयीसाठी ‘जोडकादंबरी’ म्हणता येईल. जोडकादंबरीच्या लेखकाला नायक, त्याचे यंत्र आणि त्या विश्वाचे नियम तयार मिळतात. मात्र कादंबरी संपताना ते विश्व जसे घेतले तसेच परत करावे लागते. नायकाला कायमचा मारण्याची किंवा त्याचे घर कायमचे मोडण्याची मुभा त्याला नसते. साहित्यविचारात या प्रकाराला फारशी प्रतिष्ठा नाही. तथापि नीट पाहिल्यास मराठी ऐतिहासिक कादंबरीचे बंधनही याहून फार वेगळे नाही, असे दिसून येईल.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’मध्ये (१९६२) माधवरावांचा थेऊरला अंत होणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’मध्ये (१९८८) विश्वासराव पडणार, हेही ठरलेले असते. कादंबरीकाराचे स्वातंत्र्य हेतू, स्वभाव, संवाद आणि वातावरण यांपुरते आहे. घटनेचा शेवट बखरीच्या, कागदपत्रांच्या आणि लोकस्मृतीच्या मालकीचा असतो. या अर्थाने मराठी ऐतिहासिक कादंबरी ही बखरीची जोडकादंबरीच ठरते. पर्यायी इतिहासाची कथा हा करार मोडते. ती मूळ विश्व जसेच्या तसे परत करीत नाही. म्हणूनच ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेला तिच्याकडून काही शिकता येण्यासारखे आहे.

३

नारळीकरांची ही कथा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने इंग्रजीत आली आणि संक्षिप्त रूपात अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली. पुढील तपशील त्या रूपाला अनुसरून आहेत. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईस निघतात. वाटेत ‘सरहद’ नावाचे स्थानक लागते, कारण तेथून पुढे ब्रिटिश अंमल सुरू होतो. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी दिमाखात उभी आहे आणि हॉर्नबी रोडवर इंग्लंडमधील एखाद्या गावाच्या बाजारपेठेत असावीत तशी दुकाने आणि ब्रिटिश बँका आहेत. फोर्ब्‌ज कंपनीच्या इमारतीत गंगाधरपंत आपल्या मुलाची चौकशी करतात. त्या नावाचा माणूस तेथे नाही. मग ते टाऊन हॉलमधील ग्रंथालयाकडे वळतात.

कथेचा गाभा या ग्रंथालयात आहे. गंगाधरपंत स्वतः लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड मागवून घेतात. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत येणारे पहिले चार खंड त्यांना ठाऊक असलेल्या इतिहासाशी जुळतात. पाचव्या खंडात मात्र त्यांच्याच नावाने, त्यांनी कधीही न लिहिलेला इतिहास छापलेला असतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकले आहेत. त्याचे कारण शोधताना हाती लागलेल्या ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त विश्वासरावांना लागणारी गोळी त्यांच्या कानाजवळून निघून गेल्याचे वर्णन आढळते. पुढे पेशव्यांनी दिल्लीची पातशाही नामधारी ठेवली, युरोपातील तंत्रयुगाची चाहूल ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारली आणि विसाव्या शतकात देश लोकशाहीकडे वळला. व्यापारी सोयीसाठी मुंबई तेवढी ब्रिटिशांकडे राहू दिली गेली. १९०८ च्या तहानुसार तो भाडेपट्टा २००१ मध्ये संपावयाचा आहे.

४

या कथेचे पहिले सामर्थ्य तिच्या संयमात आहे. लेखकाने एकच गोष्ट बदलली आहे, ती म्हणजे एका गोळीचा मार्ग. त्यापूर्वीचे सर्व जसेच्या तसे ठेवले आहे आणि त्यानंतरचे सर्व कार्यकारणभावाने बदलू दिले आहे. मनाला येईल ते मनाला येईल तेथे बदलण्याची सवलत लेखक घेत नाही. दुसरे सामर्थ्य असे की, विजयाचे वर्णन तो रणांगणावर करीतच नाही. विजय कळतो तो स्थानकाच्या नावावरून, दुकानांच्या पाट्यांवरून, भाडेपट्ट्याच्या मुदतीवरून. इतिहास बदलला म्हणजे काय झाले, याचे उत्तर नगराच्या नित्य व्यवहारात शोधावयाचे असते, ही जाण येथे आहे.

तिसरे सामर्थ्य अधिक महत्त्वाचे आहे. सभांचे अध्यक्षपद भूषविण्याची सवय जडलेल्या गंगाधरपंतांना आझाद मैदानावर एक सभा चाललेली दिसते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. ते सवयीने तेथे जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात. या मुंबईत अध्यक्षीय भाषणांची प्रथा केव्हाच बंद झाली आहे. टोमॅटो आणि अंडी यांचा मारा होतो, जमाव व्यासपीठावर चढतो आणि त्या गोंधळात गंगाधरपंत आपल्या मूळ जगात परततात. पराक्रमाच्या स्वप्नरंजनाला सहज वाव देणारे कथानक लेखकाने अशा रीतीने वाचविले आहे. पानिपत जिंकलेल्या जगात पानिपताच्या अभ्यासकाला जागा नाही. जिंकलेल्या समाजाला पानिपताचे व्याख्यान ऐकण्याची गरजच भासत नाही. पराभवाचे स्मरण हा ज्यांच्या सांस्कृतिक जीवनाचा आधार आहे, त्यांच्यावर केलेले हे मार्मिक भाष्य आहे.

५

कथेची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवी. गंगाधरपंत या नगरात तीन ठिकाणी जातात: कंपनीची कचेरी, ग्रंथालय आणि व्यासपीठ. तिन्ही पत्ते एका सुशिक्षित, प्रतिष्ठित पुरुषाचे आहेत. साहजिकच बदललेला इतिहास त्याच पत्त्यांवरून दिसतो. गुलामगिरी न भोगलेला, स्वाभिमानी देश त्यांना दिसतो. परंतु १७६१ मध्ये गोळी चुकली, तर १८१८ मध्ये पेशवाईचा अंत होत नाही. मग पेशवाई टिकलेल्या पुण्यात १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली काय? जोतीराव फुले यांना १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिण्याची गरज अधिक भासली असती, पण ती छापता आली असती काय? लोकशाही आली असे कथा सांगते. ती कोणाच्या रेट्याने आली, आणि त्या लोकशाहीत गावकुसाबाहेरच्या माणसाला मताचा, पाण्याचा, शाळेच्या बाकाचा अधिकार कोणत्या वर्षी मिळाला, याविषयी मात्र ती काही सांगत नाही.

हा आक्षेप लेखकाच्या हेतूवर नाही. लघुकथेचा आवाका लहान असतो, आणि या कथेचे लक्ष संभाव्यतेच्या गणितावर व इतिहासकाराच्या गोंधळावर केंद्रित झाले आहे. परंतु पर्यायी इतिहासाच्या प्रकाराला या प्रश्नातून सुटका नाही. पेशवाईचा अंत काहींना स्वातंत्र्याचा अंत वाटला, तर काहींना तो शतकांच्या कोंडीतून सुटण्याचा मार्ग वाटला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या विजयस्तंभाला भेट देतात, तेव्हा १८१८ चा अर्थ एकच नाही हे स्पष्ट होते. एकाचा पराभव हा दुसऱ्याचा अवकाश असू शकतो. म्हणून ‘काय झाले असते?’ या प्रश्नाला ‘कोणाचे?’ हा प्रश्न जोडल्यावाचून पर्यायी इतिहास पूर्ण होत नाही.

पाश्चात्त्य कादंबरीने प्रवाशाची ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. फिलिप के. डिक यांच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’मध्ये (१९६२) जपानी अंमलाखालील सॅन फ्रान्सिस्को दिसते ते मुख्यतः जेत्यांना जुन्या अमेरिकन वस्तू विकणाऱ्या एका दुकानदाराच्या लाचारीतून. रॉबर्ट हॅरिस यांच्या ‘फादरलँड’मध्ये (१९९२) हिटलर जिंकलेल्या जगातील १९६४ चे बर्लिन एका पोलीस अधिकाऱ्याच्या तपासातून उलगडते. दोन्ही ठिकाणी राजे आणि सेनापती दूर राहतात. ज्याला त्या नगरात रोजचे काम करून जगावयाचे आहे, त्याच्या पावलांनी वाचक हिंडतो.

६

मराठवाड्यातील अभ्यासकाला हा विचार अधिक निकडीचा वाटावयास हवा. छत्रपती संभाजीनगर हे शहर स्वतःच एकावर एक रचलेल्या शक्यतांचे नगर आहे. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी येथे निजामशाहीची राजधानी वसविली आणि नहरींच्या द्वारे डोंगरातले पाणी शहरात खेळविले. १६२६ मध्ये तो वारला, त्याच्या मुलाने शहराला फतेहनगर हे नाव दिले, दहा वर्षांत निजामशाही संपली, १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबाच्या नावाने औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये आजचे नाव आले. १७६३ मध्ये निजामाची राजधानी येथून हैदराबादला गेली. ती गेली नसती तर मराठवाडा हा दूरच्या राजधानीचा उपेक्षित कोपरा ठरता ना. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी ज्या राज्याचा आधारस्तंभ झाला, ते राज्य टिकले असते तर दख्खनी आणि मराठी यांचे नाते कोणत्या वळणाने गेले असते, हाही कादंबरीला पेलणारा प्रश्न आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीची प्रमुख वाट मात्र पुणे, सातारा, रायगड आणि पानिपत अशीच राहिली आहे.

याहून जवळचा प्रश्न विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी उभा आहे. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नाव आले ते साडेपंधरा वर्षांनी, नामविस्ताराच्या रूपाने, १४ जानेवारी १९९४ रोजी. पानिपताची तारीखही तीच आहे. मराठी मनात १४ जानेवारी म्हणजे कोसळलेली संक्रांत. विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी दरवर्षी जमणाऱ्या जनसमुदायासाठी मात्र हीच तारीख दीर्घ संघर्षानंतर लाभलेल्या सन्मानाची आहे. तारखांचा हा योगायोग असेल. परंतु एकच दिवस दोन स्मृतींत दोन अर्थ धारण करतो, हे सत्य त्यामुळे कोणत्याही सिद्धांताहून अधिक नेमके प्रत्ययास येते.

आता एखाद्या कादंबरीकाराने अशी कल्पना करावी की, १९७८ चा ठराव त्याच वर्षी शांतपणे अमलात आला. गंगाधरपंतांच्या जागी एखाद्या वस्तीतला तरुण त्या नगरात उतरतो. तो ग्रंथालयाकडे वळण्यापूर्वी आपले घर शोधील. आपल्या जगात जळालेले ते घर तेथे उभे असेल. ज्यांनी गाव सोडले ते शेजारी तेथेच राहत असतील. वडील भावाच्या पदवीपत्रावर विद्यापीठाचे जे नाव असेल, तेच धाकट्याच्या पदवीपत्रावरही असेल. अशा कादंबरीत न घडलेल्या विजयाचे सुख दुय्यम ठरेल, आणि घडलेल्या गोष्टी टळू शकल्या असत्या या जाणिवेचा भार वाचकावर पडेल.

७

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, इतिहासात जर-तरला स्थान नाही. हे विधान वारंवार केले जात असले तरी ते टिकणारे नाही. अमुक कारणाने पानिपत हरले असे म्हणणारा प्रत्येक इतिहासकार, ते कारण नसते तर निकाल वेगळा लागता, हे गृहीत धरीतच असतो. माधवरावांचा अकाली मृत्यू पानिपताच्या तोडीचा आघात मानणाऱ्या ग्रँट डफच्या मतामागेही न लिहिलेला पर्यायी इतिहास आहेच. ललित लेखक ते गृहीत उघड करतो, इतकेच. दुसरा आक्षेप असा की, या प्रकाराने जातीय व धार्मिक अभिनिवेशाला खतपाणी मिळेल. हा धोका खरा आहे. नुसता जय-पराजय उलटा करून दाखविणारी कादंबरी लिहिली गेली, तर ती पोवाड्याच्या रिकाम्या अनुकरणापलीकडे जाणार नाही. त्यावरचा उपाय म्हणजे प्रकारच टाळणे नव्हे. बदल एकच असावा, परिणाम प्रामाणिकपणे शोधावेत आणि प्रवासी विचारपूर्वक निवडावा, ही शिस्त पाळणे हाच तो उपाय होय. पहिल्या दोन अटी नारळीकरांनी चोख पाळल्या आहेत. तिसरी अट पुढच्या लेखकांसाठी शिल्लक आहे.

समीक्षेची जबाबदारी याहून सोपी नाही. पदव्युत्तर वर्गात ‘पानिपत’ ही कादंबरी आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा एकत्र अभ्यासल्या गेल्या, एकीत अटळ ठरलेले दुसरीत कसे टळते याची तपासणी झाली, आणि दोहोंत कोणाची घरे दिसत नाहीत हेही विचारले गेले, तर ऐतिहासिक कादंबरीच्या चर्चेला व्यक्तिचित्रण आणि भाषाशैली यांपलीकडची दिशा मिळेल. गंगाधरपंत परत आले तेव्हा त्यांच्या खिशात दुसऱ्या जगातील बखरीचे एक फाटके पान उरले होते. त्या पानावर विश्वासरावांची हकीकत होती. ज्यांची हकीकत कोणत्याच बखरीत नाही, त्यांच्यासाठी असे पान लिहिण्याचे काम मराठी कादंबरीपुढे अद्याप पडून आहे.