खोली एक, माणसे चार



डिसेंबर आला की पुण्याजवळ मोशीच्या 'किसान' प्रदर्शनाला जाण्याचे बेत गावोगाव सुरू होतात. कोणी साहित्य संमेलनाला निघतो. चौघे मिळून एक खोली घ्यायची आणि भाडे वाटून घ्यायचे, हा आपला साधा हिशेब. पण निघताना हाती पडलेले बिल बोलण्यापेक्षा जास्त असते, आणि मग काउंटरवर हुज्जत होते. म्हणून चार गोष्टी निघण्याआधीच समजून घ्या.

हॉटेलात खोलीचा जो दर सांगतात तो बहुधा दोन माणसांचा असतो. तिसऱ्या माणसाला जादा आकार पडतो. तो केवळ गादीचा नव्हे. पाणी, चादरी, टॉवेल आणि कुठे कुठे सकाळची न्याहारी, हे सारे त्यात धरलेले असते. म्हणून 'आम्ही खाली सतरंजीवर झोपू' म्हटले तरी आकार सुटेलच असे नाही. लहान मुलांचा नियम ज्या त्या हॉटेलचा वेगळा. मुलांची वये सांगूनच दर विचारा.

आता हिशेब पाहा. समजा, खोली २००० रुपयांची आणि जादा माणसामागे ५०० रुपये. चौघांचे झाले ३०००. त्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३१५०. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पूर्वी १२ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. माणशी पडले ७८७ रुपये ५० पैसे. दोन खोल्या घेतल्या असत्या तर माणशी १०५०. म्हणजे जादा आकार देऊनही एकत्र राहणे स्वस्तच पडते. मात्र हाच आकार माणशी हजार असेल तर दोन खोल्या त्याच पैशांत मिळतात. मग अडचणीत का झोपावे?

काही मंडळी दोन नावे लिहितात आणि बाकीचे दोघे रात्री हळूच वर जातात. हे करू नका. रात्री-अपरात्री आग लागली, तर आत कोण आहे हे त्या रजिस्टरावरूनच कळायचे. ज्याचे नाव नाही, त्याला शोधणार कोण? पाचशे रुपयांसाठी जिवाशी खेळ नको. प्रत्येक मोठ्या माणसाने आपले ओळखपत्र जवळ ठेवावे.

आपसातला हिशेबही आधीच ठरवा. 'तू मागाहून आलास, जादा आकार तुझा' असे म्हटले की मैत्रीत खडा पडतो. सगळा खर्च समान वाटावा आणि गादी पाळीने घ्यावी. ऐनवेळी एखादा गळाला तर त्याचा वाटा कोणी भरायचा, तेही आधीच बोलून घ्यावे.

खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: दर किती माणसांचा, जादा आकार किती, कर धरून की वेगळा. उत्तर मोबाईलवर लिहून मागवा. बिलात 'सेवाशुल्क' म्हणून रक्कम आपोआप जोडली असेल तर ती देण्याचे बंधन नाही. हॉटेलांनी ती तशी जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण आधी सांगितलेला जादा आकार हे सेवाशुल्क नव्हे. तो द्यावाच लागतो.

संमेलने कधी लहान गावीही भरतात. २०२४ साली ९७ वे साहित्य संमेलन अमळनेरला, तालुक्याच्या गावी झाले. अशा ठिकाणी लॉजच्या खोल्या त्या किती असणार? तेव्हा प्रतिनिधी शुल्कात निवास धरला आहे का, हे संयोजकांना वेळेवर विचारा.

बाजारात बी घेताना पिशवीवरचे सगळे वाचून घेता ना? खोली घेतानाही तसेच करा, म्हणजे प्रदर्शनात पाहिलेले तेवढे लक्षात राहील, बिलावरचे भांडण नव्हे.